सहा होल, एक डिस्क: सोलापूरच्या बागेत डिस्क गोल्फची सुरुवात

डिस्क गोल्फ समजायला पाच मिनिटे पुरतात. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती जिथे थांबेल तिथे चालत जायचे, तिथून पुन्हा फेकायची, आणि लक्ष्य गाठेपर्यंत हेच करत राहायचे. एक लक्ष्य गाठले की एक ‘होल’ पूर्ण. ज्याला सगळ्यांत कमी फेकी लागतील तो जिंकला. खड्डा नाही, चेंडू नाही, काठी नाही. लगोरी खेळलेल्या हाताला नेम धरणे नवे नसते, आणि इथे लागतो तो नेमच.

सोलापुरात हा खेळ सुरू करायचा तर मोठ्या मैदानाची किंवा विकतच्या बास्केटची वाट पाहू नये. सहा होलचा, प्रत्येकी २० ते ४५ मीटर अंतराचा छोटा कोर्स नवशिक्यासाठी उत्तम असतो. लांबच्या कोर्सवर नवशिक्या सारी ताकद अंतर कापण्यात घालवतो आणि डिस्क भलतीकडेच जाते. छोट्या कोर्सवर त्याला सरळ फेकायची सवय लागते. शिवाय दहा वर्षांची मुलगी आणि तिचे साठीतले आजोबा तिथे बरोबरीने खेळू शकतात, कारण पंचवीस मीटरवर दंडाच्या ताकदीपेक्षा हाताचा अंदाज जास्त कामाला येतो.

बास्केट नसली तरी खेळ पूर्ण

स्पर्धांमध्ये लोखंडी खांबाला साखळ्या आणि त्याखाली जाळीची टोपली असते. डिस्क साखळ्यांना लागून टोपलीत पडते. पण ही टोपली नंतर आली. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात १९२६ साली शाळकरी मुले पत्र्याची झाकणे ठरावीक खुणांवर फेकत असाच खेळ खेळत. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, तेव्हा तिथेही सुरुवातीला नुसते खांब होते. साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले. आजही ठरवलेल्या खुणेला डिस्क लागली की होल पूर्ण, अशी पद्धत नियमांत मान्य आहे. म्हणून झाड किंवा बांबू लक्ष्य धरून खेळणे हा कामचलाऊ उपाय मानू नका. खेळ सुरू झाला तो असाच.

जागा निवडताना

आधी जागा कुठे नको ते पाहू. भुईकोट किल्ल्यातली बाग हिरवी आणि ऐसपैस असली तरी किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथे डिस्क फेकू नये. सिद्धेश्वर तलाव आणि संभाजी तलाव यांच्या काठावरही नको. गोल्फच्या बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात, आणि काठावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. विजापूर रस्त्यावरचे वनविहार पक्ष्यांसाठी आणि झाडे पाहणाऱ्यांसाठी राहू द्यावे.

चालेल अशी जागा म्हणजे वसाहतीची मोठी खुली जागा, शाळा-कॉलेजचे मैदान किंवा महापालिकेच्या एखाद्या बागेचा कमी वर्दळीचा कोपरा. होम मैदानासारख्या मोकळ्या मैदानावर झाडांऐवजी बांबूची लक्ष्ये मांडून खेळता येते. मात्र जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या काळात तिथे पाळणे आणि दुकाने असतात. ते दिवस सोडून द्यावेत. क्रिकेटची टीम आधीच उतरली असेल तर तिच्याशी जागेसाठी हुज्जत घालू नका. सहा होलना एकसलग मैदान लागत नाही, कडेची पट्टीही पुरते.

जागा ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात. कोणत्याही होलची रेघ चालण्याच्या वाटेला छेदू नये. लक्ष्याच्या मागे किमान पंधरा-वीस मीटर रिकामी जागा असावी, म्हणजे चुकलेली डिस्क माणसांपर्यंत जाणार नाही. आणि मुलांची घसरगुंडी-झोपाळे, वाहनतळ, काचेच्या खिडक्या यांपैकी काहीही फेकीच्या टप्प्यात नसावे. महापालिकेच्या बागेत नियमित खेळायचे असेल तर उद्यान विभागाला साधा अर्ज द्या. किती जण, कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यात खेळणार आणि झाडांना इजा न करता लक्ष्ये कशी लावणार, एवढे एका पानात लिहिले की पुरे. बागेच्या माळ्याला आणि रखवालदाराला पहिल्याच दिवशी खेळ दाखवा. बागेत कोण कधी येते आणि कोणता कोपरा केव्हा मोकळा असतो, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते.

सहा होलची आखणी

अंतर पावलांनी मोजा. मोठ्या माणसाचे पाऊल साधारण पाऊण मीटरचे असते. चाळीस पावले म्हणजे तीस मीटर.

लक्ष्यासाठी जाड बुंध्याचे झाड निवडा आणि गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या भागाला जुना सोलापुरी टॉवेल गुंडाळून बांधा. टॉवेलला डिस्क लागली की होल पूर्ण. टॉवेल लांबून दिसतो आणि सालीलाही मार लागत नाही. खिळा ठोकू नका, रंग लावू नका, कोवळे झाड लक्ष्य करू नका, आणि विजेचा खांब तर मुळीच नको. झाडे नसतील तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात बांबू उभा करा आणि टॉवेल त्याला बांधा. खेळ संपला की सगळे उचलून घरी न्या.

नवशिक्यांसाठी ही एक आखणी. उजव्या हाताने, पुढे सांगितलेल्या पाठमोऱ्या फेकीने टाकलेली डिस्क वेग कमी होताना डावीकडे वळते. ते वळण ध्यानात घेऊन होल मांडले आहेत.

पहिला होल २५ मीटर, सरळ आणि मोकळा. हात मोकळा करण्यासाठी.

दुसरा ३० मीटर. लक्ष्य थोडे डावीकडे, आणि सरळ रेघेत मध्येच एक कडुनिंब. डिस्क झाडाच्या उजव्या बाजूने काढायची; शेवटी ती आपणहून डावीकडे येते.

तिसरा २० मीटर, खाली आलेल्या फांद्यांखालून. इथे छातीच्या उंचीवरून सपाट फेकावे लागते. उंच फेकायची खोड इथेच मोडते.

चौथा ४५ मीटर, पूर्ण मोकळा. सर्वांत लांब होल हाच. दोन शांत फेकींत लक्ष्याजवळ जायचे आणि तिसरीने संपवायचे.

पाचवा ३० मीटर, पण उजवीकडे वळणारा. इथे डिस्कची बाहेरची कड थोडी वर ठेवून फेकायला शिकता येते, किंवा पुढे सांगितलेली फोरहँड फेक वापरता येते.

सहावा २५ मीटर, लक्ष्यामागे फुलझाडांचा वाफा. वाफ्यात डिस्क गेली की एक फेक दंड. म्हणून थेट नेम धरायचा की आधी जवळ ठेवायची, हा निर्णय खेळाडूने घ्यायचा. हा होल पहिल्या होलच्या सुरुवातीजवळ संपला तर दुसरा डाव लगेच सुरू करता येतो.

सगळे मिळून १७५ मीटर. प्रत्येक होलला तीन फेकी अपेक्षित धरल्या तर डावाचा हिशेब १८ होतो. पहिल्या दिवशी २४-२५ फेकी लागल्या तरी काही बिघडले नाही. चौघांचा डाव अर्ध्या-पाऊण तासात संपतो. महिन्याभराने एखादे लक्ष्य बदला, म्हणजे खेळ शिळा होत नाही आणि एकाच जागचे गवतही तुडवले जात नाही.

कोणती डिस्क घ्यावी

डिस्क गोल्फच्या डिस्क ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. पटर हळू आणि सरळ जाते, मिडरेंज थोडी लांब जाते, आणि धारदार कडेची ड्रायव्हर खूप वेगाने जाते. ही धारदार कड १९८३ मध्ये आली आणि तिने खेळाची अंतरे बदलली. पण ड्रायव्हरला तिच्या जोगता वेग मिळाला नाही तर ती लवकरच डावीकडे वळून जमिनीवर आपटते, आणि नवशिक्याला वाटते आपलेच काहीतरी चुकले. छोट्या कोर्सवर तिचे कामच पडत नाही. एक पटर घ्या. आवड टिकली तर एक मिडरेंज. तेवढ्यावर सहाही होल व्यवस्थित होतात.

डिस्कवर अनेकदा चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगत राहण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे झुकण्याचा, चौथा शेवटी डावीकडे वळण्याचा. ही दिशा उजव्या हाताच्या पाठमोऱ्या फेकीची. डावखुऱ्याने उलट वाचावी. नवशिक्याने पहिला आकडा दोन ते पाचच्या दरम्यान आणि चौथा शून्य किंवा एक असलेली डिस्क पाहावी. वजन १५० ते १६५ ग्रॅम ठीक. लहान मुलांना त्याहून हलकी द्यावी. या डिस्क सहसा ऑनलाइन मागवाव्या लागतात. तोपर्यंत अल्टिमेट फ्रिसबीची १७५ ग्रॅमची डिस्क वापरता येते. ती रुंद आणि बोथट कडेची असल्याने सरळ तरंगते. खेळण्याच्या दुकानातली अगदी पातळ, हलकी डिस्क मात्र वाऱ्यात भरकटते, ती टाळा. डिस्कच्या तळाला मार्करने नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा.

फेक कशी असावी

पाठमोरी फेक आधी शिका. अंगठा डिस्कच्या वर, बाकीची बोटे खालच्या कडेला वळवून आत. लक्ष्याकडे उजवा खांदा करून आडवे उभे राहा. डिस्क छातीसमोरून मागे न्या, मग कंबर आधी फिरू द्या आणि हात तिच्या मागून येऊ द्या. कोपर पुढे, मग मनगट, आणि सुटल्यावर हात आपोआप पुढे जाऊ द्या. डिस्क सुटताना सपाट असावी आणि तिची पुढची कड वर उचललेली नसावी.

डिस्क स्थिर उडते ती तिच्या फिरकीमुळे. हवा तिला वर उचलते आणि फिरकी तिला कलंडू देत नाही. फिरकी कमी पडली की ती डुलत खाली येते. म्हणून नुसता जोर वाढवू नका. सुटताना पकड घट्ट ठेवा आणि मनगट सैल. डिस्क वर चढून जागच्या जागी थांबते आणि मागे घसरते, तेव्हा पुढची कड वर होती असे समजा. सुटताच उजवीकडे कलंडून जमिनीवर घरंगळत गेली, तर बाहेरची कड वर राहिली होती. चूक ओळखून पुढच्या फेकीत एवढे एकच बदला. एका वेळी दोन गोष्टी सुधारायला जाऊ नका.

फोरहँड फेक नंतर घ्या. तर्जनी आणि मधले बोट कडेच्या आतून, अंगठा वर, आणि पाण्यावर चपटा दगड मारताना फिरते तसे मनगट फिरवायचे. ही डिस्क शेवटी उजवीकडे वळते, म्हणून पाचव्या होलला ती सोपी पडते.

लक्ष्याजवळच्या फेकीला पटिंग म्हणतात. गुण खरे तर इथेच वाचतात. दोन्ही पाय स्थिर ठेवा, डिस्क कमरेपासून छातीपर्यंत सरळ वर आणा आणि हात लक्ष्याकडे ताणून सोडा. पाच मीटरवरून दहापैकी आठ लागेपर्यंत तिथेच थांबा, मग सात मीटरवर जा. हा सराव घराच्या अंगणात किंवा गच्चीवर जुन्या टबमध्ये डिस्क टाकूनही होतो. रोज दहा मिनिटे हे केले तर आठवड्याभरात फरक दिसतो.

नियम, कामापुरते

पहिल्या होलला क्रम चिठ्ठीने ठरवा. पुढे आधीच्या होलवर ज्याला कमी फेकी लागल्या तो आधी फेकतो. सगळ्यांनी एकेकदा फेकले की लक्ष्यापासून सर्वांत लांब ज्याची डिस्क असेल त्याची पाळी. डिस्क जिथे थांबली तिच्या लगेच मागे आधाराचा पाय ठेवून पुढची फेक घ्यायची. लक्ष्यापासून दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून दाखवायचा, मगच पाऊल पुढे टाकायचे. आधी ठरवलेल्या हद्दीबाहेर डिस्क गेली तर एक फेक दंड, आणि जिथून ती बाहेर गेली तिथे हद्दीच्या एक मीटर आतून पुढे खेळायचे. डिस्क फांदीत अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जागेवरून खेळा. दंड धरू नका. प्रत्येकाने आपल्या फेकी स्वतः मोठ्याने सांगाव्यात आणि एकाने कागदावर लिहाव्यात. या खेळात पंच सहसा नसतो. खरा आकडा सांगणे ही खेळाडूचीच जबाबदारी. मुलांना ती लहानपणीच अंगवळणी पडावी, असे मला मनापासून वाटते.

आधी माणसे, मग खेळ

दीडशे ग्रॅमची कडक डिस्क कुणाच्या तोंडावर बसली तर गंभीर इजा होते. म्हणून एक नियम कधीच मोडू नका: फेकीच्या टप्प्यात कुणी असेल तर फेकायचे नाही, मग कितीही थांबावे लागो. सकाळी फिरणाऱ्या आजी, धावणारे पोर, झाडाखाली बसलेली जोडपी, फिरती कुत्री, सगळ्यांचा हक्क तुमच्या आधी. वळणाच्या होलवर एकाने पुढे उभे राहून वाट मोकळी आहे का ते पाहावे आणि हात वर करून खूण द्यावी. डिस्क भरकटली तर लगेच ओरडून सांगा. परदेशात ‘फोर’ म्हणतात. आपल्या बागेत ‘सांभाळा’ म्हटले की सगळ्यांना कळते. कुणी कुतूहलाने थांबले तर त्यांच्या हातात डिस्क द्या. अशाने चार नवे खेळाडू मिळतात, आणि तक्रार येण्याआधीच ओळख होते.

डिस्क झाडावर अडकली तर दगड मारू नका. चिंचा पाडायची आकडी किंवा लांब बांबू सोबत ठेवा. झुडपात हात घालण्याआधी काठीने चाचपून पाहा. बाभळीचे काटे आणि सरपटणारे प्राणी दोन्ही आपल्याकडे आहेत. पातळ चपलेऐवजी बंद बूट घाला.

ऊन, वारा, पाऊस

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत डाव संपवा किंवा साडेपाचनंतर सुरू करा. टोपी, पाण्याची बाटली आणि ताक जवळ हवे. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली तर होल अर्धवट सोडून सावलीत बसा. डिस्क उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. तापून ती वाकडी होते आणि मग सरळ उडत नाही.

पावसाळ्यात काळी माती बुटांना चिकटते आणि फेकताना पाय घसरतो. म्हणून धावत न येता उभ्यानेच फेका. ओली डिस्क हातातून निसटते, म्हणून प्रत्येक फेकीआधी टॉवेलने पुसा. जून-जुलैचा पश्चिमेचा वारा चांगला गुरू आहे. समोरून वारा असेल तर डिस्क वर उचलली जाते आणि उजवीकडे कलते. अशा वेळी नेहमीपेक्षा खाली आणि सावकाश फेका. पाठीमागून वारा असेल तर ती लवकर खाली बसते. थोडी उंच सोडा. विजा चमकू लागल्या की खेळ बंद करून पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली थांबू नका.

हा खेळ शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. हवा थंड, वारा कमी आणि जमीन कोरडी.

सोलापूरसाठी हा खेळ का

सोलापूरला पाण्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. उजनीतून येणारे पाणी कित्येक भागांत काही दिवसांआड मिळते. अशा शहरात हिरवळ भिजवून ठेवावी लागणारा खेळ परवडत नाही. डिस्क गोल्फला खुरटे गवत, मुरमाड माळ, चार सावलीची झाडे एवढे पुरते. झाडे तोडावी लागत नाहीत. उलट प्रत्येक झाड होलला नवे वळण देते, म्हणून खेळणाऱ्यालाच ते जपावेसे वाटते. खर्च मुख्यतः डिस्कचा, आणि एक डिस्क वर्षानुवर्षे टिकते. चादरीच्या कारखान्यात दिवसभर उभे राहणारा कामगार, कॉलेजची मुले आणि निवृत्त शिक्षक एका डावात खेळू शकतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे जिथे एका गल्लीत नांदतात, तिथे असा खेळ शेजाऱ्यांना सहज एकत्र आणेल.

दोन-तीन महिने नियमित खेळणारे पंधरा-वीस जण जमले की नोंदवही घेऊन महापालिकेकडे किंवा एखाद्या शाळेकडे जा. किती जण खेळतात, कोणत्या वेळी खेळतात, आणि तुम्ही आखलेल्या होलचा नकाशा त्यांना दाखवा. मग साखळ्यांच्या सहा बास्केट मागा. रिकाम्या हाताने केलेल्या मागणीपेक्षा रोज चाललेल्या खेळाच्या मागणीला अधिक वजन असते.

सुरुवात येत्या रविवारी करा. एक डिस्क, दोन जुने टॉवेल, पाण्याची बाटली आणि एक सोबती घ्या. सकाळी सातला बागेत जा, कमी वर्दळीचा कोपरा शोधा आणि फक्त दोन होल आखा: एक वीस मीटरचा, एक पंचवीसचा. दोन्ही तीन-तीनदा खेळा आणि आकडे लिहून ठेवा. पुढच्या रविवारी तिसरा होल जोडा आणि आणखी एकाला बोलवा. असे करत गेलात तर दीड महिन्याच्या आत सहा होल पूर्ण होतील, आणि ते खेळायला माणसेही जमलेली असतील.